वळिवडे ते मुंडगोड : युद्धानं उठवलेल्यांच्या मदतीचा प्रश्न कुठवर आलाय?

बेळगावजवळचं काकती म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर. लढाईचा इतिहास इथल्या शाळकरी पोरांना पाठ असतो. लढाईमुळे घरदार सोडून आलेल्यांचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि तोही काही लांबचा नाही. गावावरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गानं उत्तरेला निघालं की संकेश्वर, निपाणी, कागल मागे टाकत कोल्हापूर येतं. त्याच्या शेजारी वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले आणि ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले. दक्षिणेला धारवाड-हुबळी करून आत वळलं की मुंडगोड, तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, एवढ्याच टापूत निर्वासितांना मदत करण्याचे तीन वेगवेगळे नमुने पाहायला मिळतात.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या हिशेबानुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं संघर्ष, छळ आणि हिंसाचारामुळे घराबाहेर होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात विस्थापित होती. सीमा ओलांडलेल्यांपैकी जवळपास तीनचतुर्थांश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रीमंत देशांवर निर्वासितांचा लोंढा कोसळतोय ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. निर्वासितांना मदत करावी का, यावर आज फारसा वाद नाही. वाद आहे तो मदत कुणी करावी, कोणत्या रूपात करावी आणि ती कधी थांबवावी यावर.

मागची पानं

आधुनिक युद्धमदतीची कथा १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून सांगायची पद्धत आहे. आन्री द्युनाँ यांनी तिथले जखमी पाहिले आणि १८६३ मध्ये रेड क्रॉसची पायाभरणी झाली. तो विचार मुख्यतः सैनिकांचा होता. घर सुटलेल्या सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय यंत्रणा आली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं फ्रिट्यॉफ नान्सेन यांना निर्वासितांचे उच्चायुक्त नेमलं. पुढे १९५१ चा निर्वासित करार आला, पण तो युरोप डोळ्यांपुढे ठेवून आणि १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता. १९६७ च्या पूरक करारानं ती मर्यादा काढली. भारतानं दोहोंवर सही केलेली नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मराठी वाचकाला यात एक ओळखीचं नाव सापडतं. १९३८ मध्ये काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात काम करत राहिले, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. रेड क्रॉसच्या तत्त्वानुसार मदत करणाऱ्यानं बाजू घ्यायची नसते. कोटणिसांनी उघड घेतली होती. आपण त्यांना आदर्श मानतो तेव्हा या वादात एका बाजूला उभे राहतो, हे बहुधा लक्षात येत नाही.

वळिवड्याची छावणी

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना १९४० आणि १९४१ मध्ये सायबेरिया, कझाकस्तानकडे नेण्यात आलं. जर्मनी रशियावर उलटल्यावर समीकरण बदललं. जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सेना उभी राहिली, आणि १९४२ मध्ये ती व तिच्याबरोबरचे नागरिक कास्पियन समुद्रावरून इराणात उतरले. पुरुष सैन्यात गेले. मागे राहिलेल्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, भारत अशी पांगवली गेली.

भारतात पहिली मुलं जामनगरजवळच्या बालाचडीला आली, जामसाहेब दिग्विजयसिंहांच्या आश्रयाला. पाचगणीला क्षयाच्या रोग्यांची सोय झाली. सगळ्यांत मोठी वसाहत मात्र वळिवड्याची, १९४३ पासूनची. लांबलचक बराकी, कुटुंबागणिक खोल्या, पुढे व्हरांडा. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह आणि स्काउटची पथकंही होती. कुटुंबांना महिन्याचा भत्ता मिळे आणि बहुतेक जण स्वतःच बाजार करून स्वतःच्या चुलीवर रांधत. आज ज्याला ‘रोख मदत’ म्हणून नवा विचार ठरवलं जातं, ती पद्धत करवीर संस्थानच्या हद्दीत ऐंशी वर्षांपूर्वी चालू होती. रांगेत उभं राहून पेल्यात सूप घेणारी आई आणि भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आई यांत मुलांना कोणती दिसते, याला मोल असतं.

या छावणीकडे अभ्यासक दोन नजरांनी पाहतात. एक वाचन औदार्याचं. गुलामीतल्या देशानं आणि त्याच्या संस्थानिकांनी परक्यांना जवळ केलं, असं ते सांगतं. अनुराधा भट्टाचार्जी यांच्या ‘द सेकंड होमलँड’ (२०१२) या अभ्यासानं ही कथा भारतीय वाचकांपुढे आणली. वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी फुलं वाहिली तीही याच भावनेनं. दुसरं वाचन कोरडं आहे. वळिवडे साम्राज्याच्या युद्धयंत्रणेचा भाग होतं, खर्च मुख्यतः लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यातून येई आणि कोल्हापूरच्या गादीवर तर तेव्हा दोन वर्षांचं मूल होतं. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मरत होती. आदल्याच वर्षी ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख भारतीय बहुतांशी पायी परतले होते, आणि वाटेत गोऱ्यांची व काळ्यांची सोय वेगवेगळी होत असल्याची तक्रार तेव्हाही झाली होती. मला ही वाचनं एकमेकांना खोडणारी वाटत नाहीत. पैसा लंडनचा असेल, पण कोल्हापुरातल्या दुकानदारानं, शिक्षकानं, शेजाऱ्यानं दाखवलेली माणुसकी कुठल्या खात्यावर खर्ची पडलेली नव्हती. फक्त बंगालच्या दुष्काळाचं पान फाडून वळिवड्याची गोष्ट सांगू नये.

छावणीचा शेवट अधिक बोलका आहे. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेनं पूर्व पोलंड रशियाकडे गेला. जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. भत्ता देणारं सरकारच कागदावरून गेल्यावर जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे आली. ‘युद्ध संपलं, आता घरी जा’ म्हणायची सोय उरली नव्हती, कारण बहुतेकांचं घर दुसऱ्याच देशात गेलं होतं. काही पोलंडला परतले. पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इथे विखुरले. काही जणींनी इथेच संसार थाटले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांच्या कबरी आहेत. १९४८ मध्ये छावणी बंद झाली. परत पाठवणं सक्तीचं असावं की ऐच्छिक, हा आजचा धगधगता वाद तेव्हा वळिवड्याच्या व्हरांड्यात रोजच्या बोलण्याचा विषय होता.

त्याच बराकी, दुसरी माणसं

पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. कल्याणच्या लष्करी तळावर याहून कितीतरी मोठी वस्ती झाली, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पिंपरीतही अशीच छावणी होती. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. आज निपाणी, बेळगाव, तळकोकणातले कापड दुकानदार सणाच्या आधी माल भरायला जातात ती घाऊक बाजारपेठ हीच.

बराकी, हवा, पंचगंगेचं पाणी सगळं तेच. फरक पडला तो माणसाच्या कागदात. सिंधी कुटुंब पहिल्या दिवसापासून या देशाचं होतं. दुकान टाकायला, जमीन घ्यायला, मत द्यायला त्याला कुणाची परवानगी नको होती. मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल ‘क्लेम’ लावता येई. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्यानं त्याची रीत ठरवून दिली. भरपाई पूर्ण मिळाली नाही, कचेऱ्यांचे हेलपाटे सुटले नाहीत, आणि ज्याच्याकडे सिंधमध्ये काहीच नव्हतं त्याला लावायला क्लेमही नव्हता. तरीही ‘निर्वासित’ हे बिरुद एका पिढीत पुसलं गेलं. पोलिशांना भत्ता बरा मिळाला, पण ते पाहुणे राहिले. सिंध्यांना कमी मिळालं, पण ते रहिवासी झाले. मदतीच्या परिणामकारकतेवर जेवढं वाचावं तेवढं मी याच तुलनेपाशी येतो. दिलेल्या रकमेपेक्षा काम करण्याची आणि राहण्याची मुभा माणसाला लवकर उभं करते. फाळणीच्या निर्वासितांचे अभ्यासक यावर एक सावध टीप जोडतात, ती रास्त आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना हीच मुभा असूनही त्यांना दंडकारण्यात आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वसवलं गेलं. बाजारपेठ नाही, सवयीची शेती नाही. तिथे नागरिकत्व असूनही वाट लांबलीच.

मुंडगोडचा करार

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो तिबेटी. म्हैसूर सरकारनं आधी बायलकुप्पे आणि मग १९६६ मध्ये, मुख्यमंत्री निजलिंगप्पांच्या काळात, मुंडगोडला जमीन दिली, सुमारे चार हजार एकर. जंगल तोडून मका आणि भात लावला गेला. गादेन आणि द्रेपुंग हे ल्हासाजवळचे मठ इथे पुन्हा उभे राहिले. वस्त्यांना आजही ‘कॅम्प नंबर अमुक’ असंच म्हणतात. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला अशी वसाहत आहे. हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकायला बसणारी तिबेटी माणसं अशाच वसाहतींतून येतात, कारण पावसावरच्या शेतीत वर्ष निघत नाही.

हा तिसरा नमुना. जमीन आहे पण भाडेपट्ट्यानं, शाळा-दवाखाने स्वतःचे, नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे ‘आर.सी.’ ठरावीक काळानं नूतनीकरण करायचं. त्याची वाखाणणी करणारे म्हणतात की भाषा, धर्म, समाज शाबूत ठेवून माणसं स्वावलंबी झाल्याचं इतकं चांगलं उदाहरण जगात विरळा. टीका करणारे नव्या पिढीकडे बोट दाखवतात. इथे जन्मलेल्या, कन्नड-हिंदी बोलणाऱ्या मुलाला जमीन नावावर घेता येत नाही, सरकारी नोकरी नाही, म्हणून तो कॅनडा किंवा युरोपची वाट धरतो आणि वसाहत रिकामी होत जाते. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानं नागरिक ठरतात असं म्हटलं. नागरिकत्व घ्यावं की न घेता तिबेटचा दावा जिवंत ठेवावा, यावर त्या समाजातच एकमत नाही. बाहेरच्यानं यात सल्ला देऊ नये.

पाच पैशांचं तिकीट

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. एवढ्या थोड्या महिन्यांत एवढे निर्वासित त्याआधी क्वचितच कुठे आले असतील. खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. नवं छापून येईपर्यंत नाशिकच्या छापखान्यात कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा ठसा मारला गेला. जुन्या ट्रंकेत तेव्हाची पाकिटं असतील तर पाहावीत, आजोबांनी किंवा पणजोबांनी निर्वासितांसाठी भरलेली पट्टी तिथे चिकटलेली दिसेल. परदेशी मदत आली, पण खर्चाच्या मानानं तोकडी. बहुतेक निर्वासित १९७२ च्या पहिल्या महिन्यांत परतले. तात्पुरती छावणी खरोखर तात्पुरती ठरण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. त्यामागे मदतीचं कसब कमी आणि युद्धाचा निकाल अधिक होता.

आजचे वाद

पहिला वाद तटस्थतेचा. अन्न-औषध सगळ्यांना सारखं द्यावं, बोलू नये, म्हणजे दारं उघडी राहतात, ही रेड क्रॉसची परंपरा. १९७१ मध्ये पॅरिसमध्ये ‘मेदसां सां फ्राँतिएर’ ही डॉक्टरांची संघटना उभी राहिली ती नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धाच्या अनुभवानंतर, गप्प राहणं हीही भूमिकाच असते या जाणिवेतून. १९९४ मध्ये रवांडाच्या वंशसंहारानंतर सीमेपलीकडच्या गोमाच्या छावण्यांत खुनी आणि निर्वासित एकत्र राहिले आणि शिध्यावर खुन्यांनी ताबा मिळवला. काही संस्थांनी तेव्हा काम थांबवलं. उपाशी मुलं मागे टाकून गेल्याबद्दल त्यांना बोलही लागला. या पेचाला सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही.

दुसरा वाद छावणीचा. प्रशासनाला छावणी सोयीची, मोजदाद होते, पाण्याचे नळ एका जागी बसवता येतात. ‘स्फिअर’ या मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छप्पर, वीस माणसांमागे एक संडास. पण केनियातल्या दादाबची छावणी १९९१ पासून चालू आहे, तिथे आता छावणीतच जन्मलेल्यांची मुलं वाढताहेत. बार्बरा हॅरेल-बाँड यांनी १९८६ मध्येच ‘इम्पोझिंग एड’मध्ये दाखवून दिलं होतं की लादलेली मदत माणसाला परावलंबी करते. युगांडा निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि काम करण्याची मुभा देतो. मुंडगोड पाहिलेल्याला ती कल्पना अनोळखी वाटणार नाही. मात्र युगांडातही माणसं वाढली तसे तुकडे आक्रसले.

रोख की शिधा, हा वाद बराचसा मिटला आहे. बाजार चालू असेल तर रोख, बंद असेल तर धान्य. नवी कुरबुर आहे ती बुबुळाची खूण देऊन किराणा घ्यायला लावणाऱ्या यंत्रणांबद्दल, जॉर्डनमधल्या छावण्यांत त्या वापरात आल्या. नोंदलेली माहिती उद्या कुणाच्या हाती पडेल, हा निर्वासिताचा प्रश्न भाबडा नाही.

भारतापुरता मोठा वाद कायद्याचा. कायदा हवा म्हणणारे सांगतात की आज तिबेट्याला एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळाला दुसरी, रोहिंग्याला तिसरी. न्या. भगवतींच्या समितीनं नमुना कायदा केला, शशी थरूर यांनी खासगी विधेयक मांडलं, पुढे काही सरकलं नाही. विरोधी बाजूचं म्हणणंही ऐकण्याजोगं आहे. सभोवतालच्या सीमा सैल, शेजारी अस्थिर, आणि १९५१ चा करार युरोपच्या मापानं बेतलेला. शिवाय करारावर सही न करता भारतानं जेवढ्यांना आसरा दिला तेवढा सही केलेल्या अनेक श्रीमंत देशांनी दिला नाही. न्यायालयं दोहोंच्या मधे आहेत. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जीविताचा हक्क परक्यालाही आहे असं सांगितलं, तर २०२१ मध्ये रोहिंग्यांची परतपाठवणी रीतसर प्रक्रियेनं होत असेल तर ती रोखायला नकार दिला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनं तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ त्यात नाहीत. २०२५ च्या नव्या आप्रवास व परकीय नागरिक कायद्यानं १९४६ चा जुना कायदा गेला, पण ‘निर्वासित’ कोण हे त्यातही ठरवलेलं नाही.

आपल्याच देशात

सर्वांत दुबळी बाजू देशांतर्गत विस्थापितांची. हिडकलच्या धरणात गाव गेलं तर निदान पुनर्वसनाची मागणी कोणत्या दारात करायची हे ठाऊक असतं, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं ते लेखी झालं. दंगलीत किंवा बंदुकीच्या धाकानं गाव सुटलं तर असा देशव्यापी कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती बंधनकारक नाहीत. १९९० मध्ये काश्मीर सोडलेल्या पंडितांच्या मुलांना महाराष्ट्रानं व्यावसायिक महाविद्यालयांत राखीव जागा दिल्या, पुण्यातली ‘सरहद’ संस्था काश्मीरच्या मुलांना शिकवते. असे हात मोलाचे, पण ते हक्क ठरत नाहीत. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून सुमारे साठ हजार माणसं विस्थापित झाली. सर्वोच्च न्यायालयानं मदत आणि पुनर्वसनावर देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तीत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. कायदा नसला की काम असं न्यायालयाच्या आदेशावर चालतं.

काय सुटलेलं नाही

पैशाचा प्रश्न चिघळला आहे. २०१६ मध्ये देणाऱ्या देशांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की निधीचा चौथा हिस्सा स्थानिक संस्थांकडे जाईल. प्रत्यक्ष वाटा त्याच्या जवळपासही पोचला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदत संस्था गुंडाळली आणि केनियातल्या काकुमासारख्या छावण्यांत शिधा कापावा लागला. काहींच्या मते यातून पाश्चात्त्य मदतीवरचं अवलंबन संपेल आणि स्थानिक हात पुढे येतील. मला ही आशा घाईची वाटते. स्थानिक हातांनी १९७१ मध्ये जे केलं त्यामागे एक सरकार आणि एक कर उभा होता.

दुसरी अनिर्णित गोष्ट आपल्या जवळची. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानं राज्यांना वसाहतींच्या जमिनीचे भाडेपट्टे करून द्यायला सांगितलं. मुदत वीस वर्षं, किंवा रद्द होईपर्यंत, यांत जे आधी येईल ते. धोरण निघालं तेव्हा केलेला पट्टा २०३४ मध्ये संपेल. मुंडगोडमध्ये नांगर धरलेल्यांची नातवंडं तेव्हा तिथे असतील का, असली तर कोणत्या कागदावर, हे धोरणात लिहिलेलं नाही.